ग्रेड ३ म्हणजे थर्ड स्टेज का? मावशीचा रिपोर्ट कळत नाहीये

खिडकीपाशी:

नमस्कार मंडळी, इथे मेडिकलवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, चुकीच्या विभागात टाकलं असेल तर हलवा प्लीज.

माझ्या मावशीला स्तनात गाठ लागली, बायोप्सी केली आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले सेकंड स्टेज आहे, टू बी, आधी केमो देऊ मग ऑपरेशन. आम्ही जरा सावरलो होतो तेवढ्यात काल मावसभावाने रिपोर्ट वाचला तर त्यात स्वच्छ लिहिलंय ग्रेड ३. तेव्हापासून घरात एकच विषय चाललाय की खरी स्टेज तिसरी आहे आणि मावशीला धक्का नको म्हणून डॉक्टरांनी दुसरी सांगितली. मावशी तर गप्पच झालीय, कुणी काही विचारलं की नुसती मान हलवते.

रिपोर्टातलं जेवढं वाचता आलं तेवढं देते. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३, स्कोअर ३+३+२=८. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर टू २+. सोनोग्राफीत गाठ २.८ सेमी. काखेतल्या एका गाठीत सुई घालून तपासलं तिथेही पेशी सापडल्या. फाइलवर डॉक्टरांनी पेनाने लिहिलंय सीटी२ एन१ एम०. सीटी स्कॅन तर केलाच नाही, पेट स्कॅन केलाय, मग हा सीटी कुठला?

अजून एक विचारायचंय, हे जरा मनाला लागलंय. मावशीला गाठ दोन महिन्यांपूर्वीच लागली होती, लेकीची परीक्षा होती म्हणून बोलली नाही. त्या दोन महिन्यांत पहिल्याची दुसरी स्टेज झाली असेल का?

जाणकारांनी प्लीज सांगा.

जुना_वाचक:

ग्रेड आणि स्टेज दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. डॉक्टर खोटं बोललेले नाहीत. आमच्या घरी पण हाच घोळ झाला होता, आठवडाभर रडारड, मग कळलं. फॉर्मालिनताई ऑनलाइन दिसल्या की त्या नीट सांगतील, त्यांचं रोजचं काम आहे ते.

फॉर्मालिन:

आले आले.

खिडकीपाशी ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मावशींच्या बायोप्सीचे जे तुकडे आले असतील ते पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक असतात, ते फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, मग त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप घेऊन काचेवर चढवतात आणि रंगवतात. केंद्रक निळं जांभळं दिसतं, बाकी पेशी गुलाबी. आता मायक्रोस्कोपखाली निरोगी स्तनातली नळी बघितली तर मधे पोकळी, तिच्याभोवती पेशी शिस्तीत ओळीने, केंद्रकं सगळी साधारण एका मापाची. कॅन्सरच्या पेशीला हे घर बांधणं किती आठवतंय आणि किती विसरलंय, ते मोजायचं म्हणजे ग्रेड.

तुमच्या स्कोअरमधला पहिला ३ नळ्यांचा. गाठीच्या ७५ टक्क्यांहून जास्त भागात नळ्या दिसल्या तर १, १० टक्क्यांहून कमी असल्या तर ३. म्हणजे मावशींच्या गाठीत पेशी नुसते ढीग करून बसल्यात. दुसरा ३ केंद्रकांचा, एक एवढंसं आणि शेजारचं त्याच्या तिप्पट असा प्रकार. शेवटचा २ विभाजनाचा, म्हणजे किती पेशी फुटून दोन होताना पकडल्या गेल्या. हे खरंच बसून मोजावं लागतं, जास्त पॉवरच्या लेन्सखाली दहा फील्ड, मान मोडून येते. निरोगी पेशी विभागताना गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात आणि दोन बाजूंना सरळ ओढली जातात. ग्रेड ३ मध्ये कधी कधी एकाच पेशीत तीन बाजूंना ओढाताण चाललेली दिसते, इतकी वर्षं झाली तरी असं दिसलं की मी एक सेकंद थांबते. तर तिन्हींची बेरीज ३ ते ५ आली की ग्रेड १, ६-७ ला २, आणि ८-९ ला ३. तुमची ८, म्हणून ग्रेड ३. ग्रेड ३ च्या वर इथे काही नसतंच.

ह्या सगळ्यात कॅन्सर शरीरात कुठवर गेलाय याचा एक शब्द तरी आला का? नाही ना. ते स्टेजचं काम. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लिम्फ नोड (काखेत वगैरे असणाऱ्या लसिकाग्रंथी), एम म्हणजे लांबच्या अवयवात गेलाय का. स्तनाच्या बाबतीत गाठ २ सेमीपर्यंत टी१, २ च्या वर ५ पर्यंत टी२, ५ च्या वर टी३, आणि छातीच्या भिंतीत किंवा त्वचेत शिरली असेल तर आकार कितीही असो टी४. तुमची २.८, म्हणून टी२. काखेतल्या नोडमध्ये पेशी आहेत पण नोड हलतोय, चिकटून बसलेला नाही, म्हणून एन१. लांब कुठे नाही, एम०. टी२ एन१ एम० तक्त्यात टाकलं की येतं टू बी. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच.

आणि तो सी म्हणजे सीटी स्कॅन नाही हो :) सी म्हणजे क्लिनिकल, तपासून आणि स्कॅनवरून ठरवलेलं. ऑपरेशननंतर आमच्याकडे प्रत्यक्ष नमुना येतो तेव्हा आम्ही पी लिहितो, पॅथॉलॉजिकल. मावशींना आधी केमो आहे म्हणजे त्यांच्या रिपोर्टवर वाय पी येईल, वाय म्हणजे आधी ट्रीटमेंट झालेली आहे. तेव्हा परत घाबरून धागा काढू नका, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

अजून एक भानगड. स्टेज ठरवायच्या नियमांची २०१८ पासून जी आठवी आवृत्ती वापरतात तिच्यात स्तनाच्या कॅन्सरसाठी ग्रेड, ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर हार्मोन पकडणारी प्रथिनं आहेत का ते), हर टू हे धरून आणखी एक स्टेज काढतात, प्रोग्नॉस्टिक स्टेज. त्यामुळे उद्या फाइलवर दुसराच आकडा दिसला तर डॉक्टरांनी शब्द फिरवला असं समजू नका, दोन वेगळे तक्ते आहेत.

गप्पिष्ट:

ताईंची माहिती छानच पण मला एक कळत नाही, ही बायोप्सी करायचीच कशाला? सुई खुपसली की कॅन्सर खवळतो आणि पसरतो असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. काखेतला तो नोड सुईमुळेच झाला नसेल कशावरून?

फॉर्मालिन:

गप्पिष्ट, सोनोग्राफीत नोड वेडावाकडा दिसला म्हणून त्यात सुई घातली ना, आधी नोड मग सुई. सुईच्या वाटेवर पेशी सांडून कॅन्सर वाढणं फार फार क्वचित होतं, आणि बायोप्सीशिवाय ईआर काय, हर टू काय, काहीच कळणार नाही, मग औषध कुठलं देणार? काही ठिकाणी मात्र मुद्दाम सुई टाळतात हे खरं आहे. अंडकोषात गाठ असेल तर वृषणकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून छेद घेऊन सरळ अख्खा अंडकोष काढतात. पण म्हणून सगळीकडे तोच नियम लावू नका. हे असलं ऐकून लोक सहा सहा महिने बायोप्सी पुढे ढकलतात आणि मग आमच्याकडे येतं ते बघवत नाही.

वहीचं_शेवटचं_पान:

दोन महिन्यांच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र शिकवतो.

हे गणित मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं ३० वेळा दुप्पट केलं की १०० कोटींच्या वर जातं, आणि १ सेमीची गाठ म्हणजे साधारण १०० कोटी पेशी, वजन जेमतेम १ ग्रॅम. आता समजा दुप्पट व्हायला १०० दिवस लागतात, तर पहिल्या पेशीपासून १ सेमीपर्यंत यायला ३००० दिवस, आठ वर्षांच्या वर. खऱ्या गाठीत अर्ध्या वाटेवर पेशी मरतही असतात त्यामुळे हिशोब इतका सरळ नसतो, कुणाची वेगाने वाढते कुणाची हळू, ग्रेड ३ ची बहुतेक वेगाने. पण हाताला लागली तेव्हा तिचं बहुतेक आयुष्य आधीच होऊन गेलेलं असतं, एवढं नक्की. त्या दोन महिन्यांत काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, गाठ लागली की लगेच दाखवावं हे आहेच. पण मावशींनी ते मनाला लावून घेऊ नये. २ सेमीच्या पुढे एक मिलिमीटर गेलं की टी१ चा टी२ होतो, ती रेघ माणसांनी सोयीसाठी आखलीये, पेशींना त्या रेघेचा पत्ता नसतो.

आता मुळात हे होतं कसं, कुणी विचारलं नाहीये पण राहवत नाही. पेशीत वाढ पुढे ढकलणारी जनुकं असतात आणि अडवणारीही असतात. पुढे ढकलणारं एखादं बिघडून चालूच राहिलं, रास नावाचं जनुक घ्या, की एक प्रतही पुरते. अडवणाऱ्यांच्या मात्र दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि दोन्ही जाव्या लागतात. नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरवरून हे मांडलं, ज्या मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते त्यांना तो लवकर होतो आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत. अडवणाऱ्यांतला सगळ्यात मोठा म्हणजे पी ५३. डीएनए तुटला की हा विभाजन थांबवतो, दुरुस्ती होईना तर पेशीला मरायला लावतो. माणसातल्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हाच निकामी झालेला सापडतो. (अवांतर: हत्तीकडे या जनुकाच्या २० प्रती असतात. एवढं मोठं धूड, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, तरी कॅन्सर कमी, त्यामागे हेही एक कारण धरतात. मुलं हे ऐकून नेहमी विचारतात की मग आपल्याला का नाही दिल्या, मला उत्तर येत नाही.)

एवढं होऊनही पेशी पसरेलच असं नाही. नळीच्या पेशींखाली एक पातळ पडदा असतो, बेसमेंट मेंब्रेन. कॅन्सर त्याच्या आत आहे तोवर स्टेज शून्य. पडदा फोडला की इन्व्हेजिव्ह, तुमच्या रिपोर्टातला पहिला शब्द तोच आहे बघा. गाठ मिलिमीटर दोन मिलिमीटरची झाली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, मग ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वाढायला लावते, आणि त्याच वाहिन्यांतून पेशी निसटतात. पण निसटलेल्यांचं पुढे फार वाईट होतं. रक्ताच्या रेट्याने फाटतात, पांढऱ्या पेशी खातात. उंदरांवरच्या प्रयोगांत रक्तात सोडलेल्या पेशींपैकी ०.०१ टक्क्याहूनही कमी पेशींनी कुठेतरी नवी गाठ धरली. आणि धरतात तेही वाट्टेल तिथे नाही. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्लिश सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ जणींच्या नोंदी तपासल्या, यकृतात गाठी भरपूर, प्लीहेत फारच थोड्या, रक्त तर दोन्हीकडे जातंच. त्याने म्हटलं बी सगळीकडे उडतं पण रुजतं तिथेच जिथे माती मानवते. म्हणून स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तरी त्याला हाडाचा कॅन्सर म्हणत नाहीत. माती हाडाची, बी स्तनाचंच, औषधही स्तनाच्याच कॅन्सरचं.

लांबलं, सॉरी.

दुसरी_इनिंग:

सर तुमचं गणित वहीत उतरवून घेतलं.

मी पेशंटच्या बाजूने सांगतो. मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लिम्फ नोडचा एक कॅन्सर, निघाला होता, स्टेज ४ बी. हा आकडा ऐकून नातेवाईक भेटायला यायला लागले ते निरोपच घ्यायला आल्यासारखे, एका काकांनी तर माझ्यादेखत बायकोला कागदपत्रं कुठे आहेत विचारलं. नऊ वर्षं झाली, अजून आहे, काकांना प्रत्येक लग्नात मुद्दाम जाऊन भेटतो.

लिम्फोमाला टी एन एम चालतच नाही. त्याची वेगळी पद्धत, किती ठिकाणचे नोड आणि श्वासपटलाच्या वरचे की खालचे की दोन्हीकडचे असं बघतात, आणि मॅरो (हाडातली मज्जा) किंवा फुफ्फुस असल्या अवयवात पसरला की स्टेज ४. माझा मॅरोमध्ये होता. पण हा आजार मुळात औषधांना चांगला दबतो, स्टेज ४ चे सुद्धा बरेच लोक पूर्ण बरे होतात. आणि माझ्या ४ बी मधला बी म्हणजे ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, किंवा सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन घटणं. तुमच्या टू बी मधल्या बी चा त्याच्याशी काही संबंध नाही. नुसतं अक्षर ऐकून तुलना करणारे भेटतीलच, म्हणून सांगितलं.

तेव्हा रिकाम्या वेळात हे खूप वाचून काढलं होतं. थायरॉइडचा नेहमीचा जो पॅपिलरी कॅन्सर आहे त्यात वय ५५ च्या आत असेल तर फुफ्फुसात पसरला तरी स्टेज २ च्या वर जातच नाही. अंडकोषाच्या कॅन्सरला चौथी स्टेजच नाही, तिसरीवर संपते. ब्लड कॅन्सर तर पहिल्यापासून रक्तात असतो, तिथे टी कशाचा मोजणार. त्यामुळे शेजारच्या बाईंची थर्ड स्टेज आणि मावशींची सेकंड स्टेज अशी शर्यत कुणी लावायला लागलं तर चहा पाजून घरी पाठवा.

खिडकीपाशी:

सगळ्यांचे किती आभार मानू. फॉर्मालिनताई, तुमचा प्रतिसाद मावशीला मोठ्याने वाचून दाखवला. नळ्यांचं ऐकल्यावर ती म्हणाली म्हणजे माझ्या पेशी तुझ्या मावसभावासारख्या आहेत, कुठली वस्तू जागेवर नाही. आठवड्यात पहिल्यांदा हसली. वहीवाले सर, दोन महिन्यांचं मात्र मी तिला एकटीला गाठून सांगितलं, त्यावर काही बोलली नाही पण रात्री नीट झोपली.

आता नवीनच झालंय. मावसभावाने पेट स्कॅनची सीडी कॉम्प्युटरवर लावली. डोकं पूर्ण काळंकुट्ट चमकतंय, आणि खाली ओटीपोटात पण एक मोठा गोळा. रिपोर्टमध्ये एम० म्हणतायत आणि चित्रात तर मेंदूत दिसतंय. हे कसं काय? आणि ते हर टू २+ म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ईआर सारखं सरळ का नाही लिहिलं?

वहीचं_शेवटचं_पान:

मावसभावाकडून ती सीडी काढून घ्या आधी :)

पेट स्कॅनच्या आधी जे इंजेक्शन देतात ती साखरच असते, जराशी बदललेली आणि किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवलेली. जी पेशी जास्त साखर ओढते ती चमकते, तुमच्या चित्रात तेच काळं दिसतंय. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असताना सुद्धा साखर भसाभसा ओढून अर्धवट जाळतात, हे वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात बघितलं होतं, त्यावरच हा स्कॅन चालतो. पण मेंदूचं मुख्य खाणंच ग्लुकोज आहे, त्यामुळे तो प्रत्येकाचा चमकतो, माझा काढला तर माझाही चमकेल अशी आशा आहे. आणि खालचा गोळा म्हणजे मूत्राशय, ते औषध लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुठे चमकायलाच हवं आणि कुठे नको हे माहीत असावं लागतं. टीबीच्या किंवा साध्या सुजेच्या नोडमध्ये पण चमकतं, नुसतं चित्र बघून काही ठरत नाही. मेंदूत कॅन्सर शोधायला एमआरआय जास्त चांगला, याच कारणाने.

गप्पिष्ट:

म्हणजे साखर बंद केली तर कॅन्सर उपाशी मरेल?

वहीचं_शेवटचं_पान:

नाही. तुम्ही कण खाल्ला नाही तरी यकृत रक्तातली साखर टिकवतंच, नाहीतर तो चमकणारा मेंदू बंद पडेल. केमोत आधीच खाणं जात नाही, त्यात घरच्यांनी पथ्यं लादली की वजन उतरतं आणि केमोची पुढची फेरी लांबते.

फॉर्मालिन:

हर टू चं सांगते. हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, वाढीचे सिग्नल पकडणारं. काही गाठींमध्ये त्याच्या जनुकाच्या खूप जास्त प्रती झालेल्या असतात, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण १५ ते २० टक्के. आम्ही स्लाइडवर अँटीबॉडी टाकून तपकिरी रंग आणतो. प्रत्येक पेशीभोवती जाड तपकिरी कडं, कोंबड्यांच्या जाळीसारखं दिसलं की ३+, ते पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. आणि २+ म्हणजे कडं आहे पण फिकं, आम्हीच बोट ठेवून सांगू शकत नाही. मग त्याच ब्लॉकवर फिश नावाची टेस्ट करतात, तिच्यात जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि ते ठिपके मोजतात. ती पॉझिटिव्ह आली तर केमोबरोबर हर टू वरचं वेगळं औषध देतात, म्हणून ही टेस्ट पहिल्या केमोच्या आधी व्हायला हवी. डॉक्टरांनी पाठवलीच असेल, तरी उद्या फोन करून विचारा, ब्लॉक गेलाय का. ब्लॉक म्हणा, नुसतं सॅम्पल म्हणू नका, रिसेप्शनवर लगेच कळतं.

आणि भाऊ पुढे विचारेलच म्हणून, केमोने गाठ विरघळली तरी फाइलवरचं टी२ एन१ एम० खोडत नाहीत, ते तसंच राहतं. वाय पी वेगळं लिहितात, पूर्ण गेली तर वाय पी टी० पण येतं. ग्रेड ३ वाल्या पेशी सारख्या विभागत असतात, केमो विभागणाऱ्यांनाच गाठते, त्यामुळे असं शून्य त्यांच्यात जास्त दिसतं. केसही त्याच कारणाने जातात, केसांच्या मुळांना पण तीच घाई असते. त्याची तयारी मात्र ठेवा.

खिडकीपाशी:

फोन केला. ब्लॉक परवाच गेलाय, रिपोर्टला अजून आठवडा म्हणाले. मावशी विचारतेय फिश म्हणजे मासाच ना, मी म्हटलं ताईंना विचारते. आला की इथेच टाकते.